साताऱ्या-सांगलीत राहून सिनेमा-मालिकांत काम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी लाईन प्रोड्युसर आहे. बाहेरून आलेल्या युनिटला जागा, माणसं, गाड्या, जेवण आणि परवानग्या जुळवून देणं हे माझं काम. मध्येच कुणा मित्राची कमी पैशातली फिल्म निघाली की तिच्यातही हात घालतो. वाईला किंवा साताऱ्याला एखाद्या मालिकेचा सेट लागला की फोनवर तेच ते प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवतोय. काही उत्तरं लांबली आहेत, कारण पोरं तिथंच अडकतात.

मुंबईला गेल्याशिवाय काही होत नाही, हे खरं का?

अर्धं खरं. चॅनेलची ऑफिसं, मोठ्या ऑडिशन्स, जाहिराती आणि बरंचसं पोस्ट-प्रॉडक्शन (शूटिंगनंतरचं एडिट, साऊंड वगैरे काम) मुंबईत आहे. ते काही उठून इकडे येणार नाही. शूटिंग मात्र आपल्या दारात येतं. ‘स्वदेस’मधलं गाव मेणवलीत सापडलं. ‘गंगाजल’चा बिहार आणि ‘ओंकारा’, ‘दबंग’चा उत्तर प्रदेश वाई परिसरात उभा राहिला. २०१७ मध्ये ‘लागिरं झालं जी’ सुरू झाली आणि मालिकावाल्यांनाही साताऱ्याची वाट सापडली. कारणं साधी आहेत. वाडे, घाट, नदी, ऊस, डोंगर हे सगळं तासाभराच्या अंतरात मिळतं, पुणे हायवेनं शंभर-सव्वाशे किलोमीटरवर आहे आणि अजून तरी गावं शूटिंगला वैतागलेली नाहीत.

मुंबईला जरूर जा, पण हातात एक काम घेऊन जा. ‘मला फिल्म लाईनमध्ये काहीतरी करायचंय’ म्हणणारे अंधेरीत ढिगानं आहेत. ‘दोन मालिकांना साऊंड असिस्ट केलाय’ म्हणणाऱ्याचा नंबर लोक सेव्ह करून घेतात.

वाई-साताऱ्याचं ठीक आहे. सांगलीत आम्ही काय करायचं?

नाटक करा. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये ‘सीता स्वयंवर’ सांगलीत केलं, म्हणून ५ नोव्हेंबरला आपण रंगभूमी दिन साजरा करतो. हे सगळ्या सांगलीकरांना पाठ असतं. त्याचा उपयोग काय करायचा, एवढंच कुणी सांगत नाही. उपयोग असा, की शहरात नाट्यगृहं आहेत, हौशी संस्था आहेत, राज्य नाट्य स्पर्धेचं केंद्र आहे आणि तिथे पडद्यामागे माणसं नेहमीच कमी असतात. स्टेजवर लाईट ऑपरेट केलेला पोरगा सिनेमाच्या सेटवर लवकर रुळतो. नेपथ्य उचललेल्याला आर्ट डिपार्टमेंट समजावून सांगावं लागत नाही. आणि ज्याला संगीताकडे जायचंय त्याच्यासाठी मिरज आहे. तंबोरा करणाऱ्यांच्या गल्लीत बसून ऐकलेलं कुठल्या ॲपमध्ये मिळत नाही.

सेटवर शिरायचं कसं? ओळख कुणाचीच नाही.

सगळे डायरेक्शनच्या दारावर उभे असतात. डायरेक्टरला असिस्टंट हवेच असतात, पण तो ते मुंबई-पुण्याहून सोबत घेऊन येतो. स्थानिक माणसाची खरी गरज आर्ट आणि प्रॉडक्शन या दोन डिपार्टमेंटना असते, कारण त्यांना गाव माहीत नसतं.

आर्टचं उदाहरण घ्या. संध्याकाळी पॅक-अपच्या वेळी उद्याचा सीन बदलून येतो आणि आर्टवाल्याला सकाळी सातच्या आत तांब्याचा पाण्याचा बंब, कडीचा लोखंडी ट्रंक, जुनं जातं आणि रंग उडालेला पाळणा लागतो. मुंबईहून आलेला माणूस ते रात्रीत कुठून आणणार? कुठल्या आजीच्या माळ्यावर बंब आहे हे तुम्हाला माहीत असतं. तो आणायचा, आजीला सांगून आणायचा, आणल्यावर चारही बाजूंनी फोटो काढून ठेवायचा, सीन झाला की पुसून परत द्यायचा. पोचा पडला तर त्याच दिवशी भरपाईचं बोलायचं. हे दोनदा नीट केलं की पुढच्या शेड्यूलला आर्ट डायरेक्टर तुम्हालाच फोन करतो. मी कामावर घेताना हेच बघतो. ‘कधीपासून सिनेमाचं वेड आहे’ हे कुणी विचारत नाही.

पहिल्या दिवसासाठी चार गोष्टी. कॉल टाईम सातचा असेल तर पावणेसातला हजर. मॉनिटरसमोर घुटमळायचं नाही. कलाकारांसोबत सेल्फी नाही. आणि कॉलशीट वाचून यायचं. त्यात कुठला सीन, कोण कलाकार, कुठलं लोकेशन, कोण किती वाजता, सगळं लिहिलेलं असतं, तरी अर्धा सेट एकमेकांना तेच विचारत फिरतो.

पैसे किती मिळतात, आणि कधी?

कामाचा हिशेब शिफ्टवर असतो आणि शिफ्ट साधारण बारा तासांची धरतात. रेट डिपार्टमेंटवर, अनुभवावर आणि समोरच्याच्या दानतीवर. त्यामुळे आकडा सांगून तुम्हाला खोटी आशा लावत नाही. ‘कधी’चं उत्तर मात्र पक्कं आहे : उशिरा. मालिकांच्या धंद्यात काम झाल्यावर नव्वद दिवसांनी पेमेंट ही सर्रास पद्धत आहे. म्हणजे जूनमध्ये राबलात तर पैसे गणपतीनंतर बघायचे. चार महिने घर चालेल एवढी तजवीज नसेल तर नोकरी एकदम सोडू नका.

कामाआधी रेट, शिफ्टचे तास, प्रवासखर्च आणि राहण्याची सोय व्हॉट्सॲपवर का होईना, लिहून मागा. ‘अरे, आपण घरचेच आहोत’ असं कुणी म्हटलं की तर जास्तच मागा. माझंही एका कामाचं बिल अजून अडकलेलं आहे. त्या निर्मात्याचा फोन आता लागत नाही. बिल नंबर घालून द्या, पॅन द्या, आणि टीडीएस कापला असेल तर रिटर्न भरा. उत्पन्न कमी असताना कापलेला टॅक्स परत मिळतो, आणि आपल्याकडची कितीतरी पोरं तो तसाच सरकारकडे सोडून देतात.

ॲक्टिंगच्या कामासाठी ‘कार्ड’ आणि ‘पोर्टफोलिओ’चे पैसे मागतायत. द्यावेत का?

नाही.

कास्टिंग करणाऱ्याला त्याचे पैसे निर्माता देतो, कलाकार देत नाही. एखाद्या संघटनेचं सभासद होऊन तिचं कार्ड काढायचंच असेल तर तिच्या ऑफिसात स्वतः जाऊन पावती घेऊन पैसे भरा, हॉटेलच्या लॉबीत नव्हे. ऑडिशनसाठी मेकअप न केलेले दोन-तीन साधे फोटो आणि मोबाईलवर उजेडात काढलेला एक मिनिटाचा व्हिडिओ पुरतो : नाव, वय, उंची, गाव, आणि दोन्ही बाजूंनी चेहरा. कुणाची नक्कल करून दाखवू नका. तुमची बोली लपवू नका. मालिकांतली ‘गावाकडची’ भाषा बहुतेक वेळा सगळ्या गावांची मिळून एकच असते. माणदेशी आणि वाळव्याकडचं बोलणं वेगळं आहे हे ज्याच्या कानाला कळतं, त्याला संवादलेखनातही काम मिळू शकतं.

फिल्म इन्स्टिट्यूट करावी का?

पुण्याची एफटीआयआय, म्हणजे सरकारी फिल्म आणि टेलिव्हिजन संस्था, मिळाली तर डोळे झाकून करा. प्रभात कंपनी १९२९ मध्ये कोल्हापुरात निघाली, पुढे पुण्याला गेली, आणि तिच्याच स्टुडिओच्या जागेवर १९६० मध्ये ही संस्था उभी राहिली. म्हणजे आपल्या भागाचा तिच्यावर तसा जुना हक्क आहे. प्रवेश परीक्षा अवघड असते, पण तयारीसाठी लागतं ते भरपूर बघणं आणि वाचणं. संस्थेचे छोट्या मुदतीचे कोर्सही असतात, ते नोकरी सांभाळून होतात.

खासगी संस्थेसाठी मात्र जमीन गहाण टाकू नका. तेवढ्या पैशात स्वतःच्या तीन शॉर्टफिल्म होतात.

कॅमेरा कोणता घेऊ?

कुठलाच नको. भाड्यानं मिळतो, आणि दर दोन वर्षांनी जुना होतो.

मग पैसे घालायचे कशावर?

आवाजावर. इकडच्या नव्या फिल्म्सचं चित्र आता बघण्यासारखं असतं. आवाज ऐकून फेस्टिव्हलवाले दहाव्या मिनिटाला बंद करतात. एक चांगला रेकॉर्डर, दोन कॉलर माईक, एक बूम (लांब काठीवरचा माईक) आणि तो धरायला न कंटाळणारा माणूस एवढं जमलं तर निम्मी लढाई मारली.

आपल्याकडचे त्रास आपल्यालाच माहीत असतात. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या दिसायला भारी, पण त्यांचा घुमणारा आवाज संवादाखाली येतो आणि नंतर काढता येत नाही. सांगलीकडे कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की उसाचे ट्रॅक्टर डबल ट्रॉली जोडून आणि टेपवर गाणी लावून पहाटेपर्यंत जातात. रस्त्यालगतच्या वाड्यात नोव्हेंबर ते मार्च रात्रीचा संवादाचा सीन लावणं म्हणजे हौसेनं मार खाणं. कृष्णाकाठी संध्याकाळी आरती, भोंगे, मोटारी, सगळं एकदम सुरू होतं. म्हणून रेकी (जागेची आधीची पाहणी) सकाळी दहाला आणि शूटिंग संध्याकाळी सातला, असं करू नका. ज्या वेळेचा सीन, त्याच वेळेला जाऊन दहा मिनिटं डोळे मिटून उभे राहा.

सेटवर पंखा, फ्रीज, बोअरची मोटार बंद. फ्रीज बंद केला की गाडीची किल्ली त्यात ठेवायची, म्हणजे निघताना तो चालू करायला विसरत नाही. ही युक्ती साऊंडवाल्यांत जुनी आहे. सीन संपला की सगळ्यांना गप्प उभं करून त्या जागेचा तीस सेकंदांचा नुसता आवाज घ्या. आणि जिथे ट्रॅक्टर आडवा आला तो संवाद तिथल्या तिथे, कॅमेऱ्याशिवाय, त्याच कलाकाराकडून पुन्हा बोलून घ्या. नंतर मुंबईत डबिंगला बोलावलं की तोच माणूस वेगळ्याच आवाजात बोलतो.

वाचलेल्या कथेवर फिल्म करायची आहे. लेखक तर हयात नाहीत.

लेखक गेले तरी हक्क संपत नाही. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर पुढच्या वर्षापासून ६० वर्षं कॉपीराईट राहतो. वाटेगावच्या अण्णाभाऊ साठ्यांचं निधन १९६९ चं, म्हणजे त्यांचं लेखन २०२९ अखेरपर्यंत हक्कात आहे. माडगूळकर बंधूंच्या बाबतीत तर अजून बराच काळ : गदिमा १९७७ ला गेले, व्यंकटेशतात्या २००१ ला. उलट हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल १९१६ मध्ये गेले, त्यांची नाटकं आता कुणीही वापरू शकतो. अर्थात मूळ नाटक. कुणी अलीकडे केलेलं संपादन किंवा नव्या चाली नव्हेत.

वारसांशी करार करताना मुदत आणि प्रदेश लिहाच. लिहिलं नाही तर कायदा मुदत पाच वर्षं आणि प्रदेश फक्त भारत असं धरतो. तुमची फिल्म तीन वर्षं रखडली तर हातात काय उरेल ते मोजा. सगळ्या वारसांच्या सह्या घ्या. एका मुलाची घेतली आणि फिल्म गाजली की दुसरा कोर्टात जातो.

गावात घडलेल्या खऱ्या घटनेवर करणार असाल तर घटना कुणाच्या मालकीची नसते, पण माणसं ओळखू येतील असं केलं तर अब्रूनुकसानीचा प्रश्न येतो. नावं बदलणं पुरत नाही. गावात सगळ्यांना कळतंच.

स्वतःची स्क्रिप्ट असेल तर स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे ऑनलाइन नोंदवा, मगच कुणाला पाठवा. नुसत्या कल्पनेवर हक्क मिळत नाही, लिहिलेल्यावर मिळतो.

परवानग्या कुणाकुणाच्या लागतात?

जागा ज्याची, त्याची. वाडा असेल तर मालकाची, आणि मालक आठ भाऊ असतील तर आठांची. रस्ता किंवा चौक असेल तर पोलीस आणि ग्रामपंचायत किंवा नगरपालिका. धरण, कालवा असेल तर जलसंपदा. संरक्षित किल्ला असेल तर पुरातत्त्व. कास, कोयनेकडचा भाग असेल तर वनखातं. कास २०१२ पासून जागतिक वारशात आहे, तिथे फुलांच्या दिवसांत कॅमेऱ्याच्या ट्रॉलीचे रूळ अंथरायचं स्वप्न सोडा. सरकारी जागांसाठी राज्याची ऑनलाइन एक खिडकी योजना आहे. तिथे अर्ज करा, आणि तरीही स्थानिक ऑफिसात स्वतः जाऊन भेटा.

ड्रोनसाठी २०२१ चे नियम बघा. २५० ग्रॅमच्या वरचा ड्रोन नोंदलेला लागतो, आणि उडवण्याआधी सरकारच्या डिजिटल स्काय या ड्रोनच्या वेबसाईटवरच्या नकाशावर ती जागा कुठल्या झोनमध्ये येते ते तपासायचं. धरणाच्या भिंतीजवळ ‘एक शॉट घेऊन पळू’ हा विचारही करू नका.

माझ्या फिल्ममध्ये बैलजोडी आहे आणि दहा वर्षांचा मुलगा आहे.

गावाकडच्या प्रत्येक फिल्ममध्ये असतात, आणि निम्म्या फिल्म्स इथेच अडकतात.

प्राणी असेल तर भारतीय प्राणी कल्याण मंडळाची परवानगी शूटिंगच्या आधी लागते. जनावरांच्या डॉक्टरचा दाखला, मालकाची संमती, जनावराकडून काय करून घेणार याचं वर्णन, सगळं द्यावं लागतं. सेन्सॉरकडे जाताना मंडळाचं ना हरकत पत्र मागतात. म्हैस चुलत्याची असली तरी. मंडळाचं ऑफिस हरियाणात आहे, सर्टिफिकेटच्या तारखेला तिथे धावणारे निर्माते मी पाहिलेत.

मुलासाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी. दिवसात पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, सलग २७ दिवसांपेक्षा जास्त नाही, आणि त्याच्या मानधनातला किमान २० टक्के भाग त्याच्या नावानं मुदत ठेवीत. शाळा बुडणार असेल तर शिक्षणाची सोय निर्मात्यानं करायची. पालकांना हे माहीत नसतं, तुम्ही सांगा.

शेत विकून फिल्म करू का?

असं करून नाव कमावलेले दिग्दर्शक आहेत, त्यांच्या मुलाखती सगळ्यांनी पाहिल्यात. शेत गेलं आणि फिल्मही पडली, त्यांच्या मुलाखती कुणी घेत नाही. मास्टर दीनानाथांसारख्या माणसानं सांगलीत चित्रपट कंपनी काढली आणि ती त्यांना कर्जात घेऊन गेली, हे ज्या गावानं पाहिलं त्या गावाला तरी हे वेगळं सांगायला नको.

मित्रांत वर्गणी काढत असाल तर कोणी किती घातले, आधी कोणाचे परत, नफ्यात वाटा किती आणि हक्क कुणाच्या नावावर, हे स्टॅम्प पेपरवर आणा. फिल्म चालली नाही तर मैत्री टिकते. भांडणं चालल्यावर होतात. बजेट करताना शूटिंगवर सगळे पैसे संपवू नका. एडिट, साऊंड मिक्सिंग, डीआय (चित्राचे रंग नीट करणं), सबटायटल आणि सर्टिफिकेटला पैसे उरले नाहीत म्हणून हार्ड डिस्कमध्ये पडलेल्या फिल्म्स या दोन जिल्ह्यांतही आहेत.

राज्य सरकारची दर्जेदार मराठी चित्रपटांना अनुदान देण्याची योजना आहे आणि ती घ्यावी, पण ते पैसे फिल्म पूर्ण होऊन सर्टिफिकेट मिळाल्यानंतरचे. परीक्षण समिती बघते, दर्जा ठरतो, मग रक्कम. त्याच्या भरवशावर सुरुवात करता येत नाही. अर्धवट तयार फिल्मसाठी एनएफडीसीचा (केंद्राचं चित्रपट विकास महामंडळ) गोव्यातला फिल्म बाजार, आताचा ‘वेव्हज फिल्म बाजार’, बघा, नोव्हेंबरमध्ये इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवासोबत असतो.

सेन्सॉर कशाला लागतं? यूट्यूबवर टाकलं तर?

यूट्यूबला लागत नाही. थिएटर आणि टीव्हीला लागतं. ‘ए’ मिळालेली फिल्म टीव्हीवर दाखवता येत नाही, म्हणजे सॅटेलाईट (टीव्हीवर दाखवायच्या) हक्कांचं गिऱ्हाईकच कमी होतं. दोन शिव्यांसाठी हे परवडतं का ते लिहितानाच ठरवा. २०२३ च्या दुरुस्तीनंतर ‘यूए’मध्ये ७, १३ आणि १६ असे वयाचे टप्पे आलेत.

आणखी एक, जे आपल्याकडे हमखास निघतं : म्हातारा बिडी ओढतो किंवा तंबाखू मळतो. तेवढा वेळ खाली इशारा लागतो, शिवाय सुरुवातीला आणि मध्यांतरानंतर आरोग्याच्या फिती. इतक्या सुंदर क्लोजअपखाली ती पट्टी पाहून रडणारे दिग्दर्शक आहेत. बिडी गरजेची नसेल तर काढा.

फेस्टिव्हलला पाठवायची असेल तर आधी यूट्यूबवर टाकू नका. बऱ्याच ठिकाणी पहिलं प्रदर्शन आपल्याकडेच हवं असतं.

मी मुलगी आहे. घरचे म्हणतात, ही लाईन चांगली नाही.

घरच्यांना कॉलशीट दाखवा. कुठे, किती वाजेपर्यंत, कोणत्या गाडीनं परत, डिपार्टमेंटला अजून कोण बायका आहेत, हे सांगणारा निर्माता असेल तर काम घ्या. जो टाळाटाळ करतो त्याचं घेऊ नका. २०१३ च्या कायद्यानं दहा किंवा जास्त माणसं असलेल्या कामाच्या ठिकाणी अंतर्गत समिती लागते, सेट त्यातून सुटत नाही. समिती नसेल किंवा तक्रार निर्मात्याविरुद्धच असेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. ‘डायरेक्टर सर रात्री स्क्रिप्ट समजावतील’ असा निरोप आला तर स्क्रिप्ट दिवसा समजते असं सांगायचं. कॉश्च्युम, मेकअप, कंटिन्युटी (शॉटमागून शॉट कपडे-वस्तू जुळतात का ते बघणं), एडिट, प्रॉडक्शन, सगळीकडे मुली हव्या आहेत; माझ्या टीममध्ये हिशेब दोन मुली बघतात, आणि डिझेलच्या पावत्यांत त्यांना कुणी फसवू शकत नाही.

लग्नाचे व्हिडिओ करतो. सिनेमावाले हसतात.

हसू दे. रिटेक न मिळता मंगलाष्टकांच्या गर्दीत फोकस सांभाळणारा माणूस मी डोळे झाकून घेतो.

वय चौतीस झालं, उशीर झाला का?

ॲक्टिंगमध्ये हिरो व्हायला, कदाचित. लिहायला, साऊंडला, प्रॉडक्शनला नाही.

तुम्हाला स्क्रिप्ट पाठवू का?

नको, मी स्क्रिप्ट वाचत नाही. ब्रेकडाऊन पाठवा : सीन नंबर, आत की बाहेर, दिवस की रात्र, किती माणसं, किती जनावरं, कोणती जागा. रात्रीचे बाहेरचे सीन पाचाहून जास्त असतील तर ते दिवसा का होत नाहीत ते प्रत्येकासमोर लिहा, कारण जनरेटरच्या डिझेलचा हिशेब मलाच द्यावा लागतो.